मुलावर संशय, आई पोलीस: तपास कोणी करायचा?

प्रश्न: परवा एका मालिकेत पाहिलं. नवरा नसलेली एक फौजदार बाई गावातल्या खुनाचा तपास करते आणि संशय तिच्याच सतरा वर्षांच्या मुलावर येतो. ती आधी पुरावा लपवते, मुलाला रातोरात मामाकडे पाठवते आणि शेवटी स्वतःच त्याला बेड्या घालते. आपल्याकडे शहापूर-मुरबाडच्या पोलीस ठाण्यांतही आता महिला अधिकारी दिसतात. त्यातल्या कोणावर अशी वेळ आली तर तपास तीच करील का? मुलाविरुद्ध तिला साक्ष द्यावी लागेल का? तिची नोकरी जाईल का? आणि त्या मुलाचं काय होईल? (शहापूर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर: बेड्यांपासून सुरुवात करतो. तुम्ही वर्णन केलेलं शेवटचं दृश्य कायद्यात बसत नाही. मुलगा सतरा वर्षांचा आहे, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. त्याला बेडी घालता येत नाही आणि कोठडीतही टाकता येत नाही. शिवाय तोवर हा तपास त्या बाईंच्या हातात उरायलाच नको होता.

तरीही तुमचा पहिला प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. ज्या खटल्यात न्यायाधीशाचा स्वतःचा संबंध आहे तो त्याने चालवू नये, असं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. पोलिसाने आपल्या मुलाच्या गुन्ह्याचा तपास करू नये, असं मात्र तितक्या स्पष्ट शब्दांत लिहिलेलं नाही. ही मर्यादा न्यायालयांच्या निकालांतून आणि खात्याच्या रिवाजातून आलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मोहनलाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सांगितलं की फिर्याद देणारा आणि तपास करणारा पोलीस एकच असेल तर तपास निष्पक्ष राहत नाही. दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२० रोजी, मुकेश सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो नियम सैल केला. निव्वळ तेवढ्यावरून खटला कोसळणार नाही, प्रत्येक प्रकरणात खरोखर पक्षपात झाला का ते पाहावं लागेल, असं त्यांनी ठरवलं. आईने मुलाचा तपास केला तर पक्षपाताचा आरोप कोणीतरी करणारच, आणि तो खोडून काढणं कोणत्याही सरकारी वकिलाला जड जाईल.

म्हणून प्रत्यक्षात काय होतं, किंवा व्हायला हवं, ते सांगतो. आपले दोन्ही तालुके ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या हद्दीत येतात. शहापूरकडे शहापूर, वासिंद, किन्हवली, कसारा ही ठाणी आहेत, मुरबाडकडे मुरबाड आणि टोकावडे. रात्रीच्या वेळी यातल्या एखाद्या लहान ठाण्यात हजर असलेला अधिकारी एकच असू शकतो. समजा, तोच अधिकारी ही आई आहे आणि फिर्यादी दारात उभा आहे. फिर्याद नाकारण्याची मुभा तिला नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घ्यावीच लागते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. तिने ठाणे अंमलदाराला ती लिहून घ्यायला सांगावं, घटनास्थळी माणूस उभा करून जागा राखावी आणि त्याच मिनिटाला उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना फोन करून सांगावं, ‘साहेब, यात माझ्या मुलाचं नाव येतंय, मी बाजूला होते.’ हे सगळं स्टेशन डायरीत वेळेसकट नोंदवावं. पुढे अधीक्षक तपास दुसऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे किंवा स्थानिक गुन्हे शाखेकडे देतात. प्रकरण मोठं असेल तर ते राज्य सीआयडीकडेही जाऊ शकतं, आणि फिर्यादीला तेवढ्यानेही समाधान नसेल तर उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे.

बाजूला होण्याचा हा फोन मुलावर केलेला अन्याय आहे असं अनेकांना वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. मुलगा निर्दोष असेल आणि त्याला आईच्या ठाण्याने सोडलं, तर सरळगावच्या बाजारात एक माणूस त्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याच्या निर्दोषपणाला किंमत यायची असेल तर तो परक्या अधिकाऱ्याने तपासलेला असला पाहिजे. आई दूर राहते त्याचा पहिला फायदा मुलालाच मिळतो.

झडती त्यांच्या क्वार्टरचीही होईल. पंच येतील, कपाटं उघडली जातील, मुलाचा मोबाईल जप्त होईल. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. त्या वेळी ती त्या घराची मालकीण असते, एवढंच. पंचनामा कसा लिहावा हे तिला तपासी अंमलदारापेक्षा जास्त कळत असेल, तरी तिने एक शब्दही सुचवू नये.

आता पुरावा लपवण्याबद्दल. बऱ्याच लोकांचा समज असा आहे की आईबापांनी लेकराला लपवलं तर कायदा ते समजून घेतो. तसं नाही. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमात, म्हणजे जुन्या दंडविधानाच्या २१२ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या २४९ मध्ये, सूट आहे ती नवऱ्याला किंवा बायकोला. आईला नाही, बापाला नाही. पुरावा नष्ट करणं हा कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. आणि लपवणारी व्यक्ती सरकारी नोकर असेल तर आणखी दोन कलमं पुढे येतात: कोणाला शिक्षेतून वाचवण्यासाठी कायद्याचा आदेश मोडणं (२५५) आणि त्याच हेतूने खोटी नोंद करणं (२५६). मालिकेतल्या त्या बाईंनी मामाच्या गावची एसटी पकडून दिली तेव्हाच मुलाच्या प्रकरणाला त्यांनी स्वतःचं एक प्रकरण जोडलं.

पालकांच्या हस्तक्षेपाने प्रकरण कुठवर जातं याचं ताजं उदाहरण पुण्याचं आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन सर्वांच्या लक्षात आहे. पण नंतरच्या अटकांकडे पाहा. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे डॉक्टर आणि मुलाचे आईवडील पकडले गेले. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे राहिलं, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. कायद्याने मुलाला संरक्षण दिलं. ते संरक्षण मोठ्यांना नव्हतं आणि नसावंच.

साक्षीचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं, कारण यात एक चमत्कारिक पेच आहे. नवरा-बायकोत झालेलं खासगी बोलणं कायदा राखतो. नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम १२८ मध्ये ती तरतूद आहे. आई आणि मुलाच्या बोलण्याला तसं संरक्षण आपल्याकडे नाही. न्यायालयाने बोलावलं तर आईला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं आणि मुलाचा शर्ट कुठे पाहिला, मुलगा किती वाजता घरी आला, हे खरं सांगावं लागतं. मात्र त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हे बंधन फक्त तपास करणाऱ्या पोलिसापुरतं नाही. त्यामुळे शेतावर राबणाऱ्या आईजवळ मुलाने रडत सांगितलेलं ‘माझ्या हातून झालं’ हे न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकतं, पण पोलीस आईपुढे उच्चारलेल्या त्याच शब्दांपुढे हे कलम आडवं येतं. खाकीच्या धाकाने माणूस खोटंही कबूल करतो, या जुन्या अनुभवातून ही तरतूद आली. स्वयंपाकघरात लेकराशी बोलणारी आई त्या वेळी पोलीस असते की आई, असा वाद उद्या एखाद्या वकिलाने घातला तर तो ऐकण्यासारखा असेल.

खरोखर असं घडलं आहे का? शहापूर-मुरबाडचं उदाहरण मी देणार नाही, आणि बालकाच्या बाबतीत कोणी देऊही नये. पण मुंबईत मे २०१७ मध्ये घडलेली घटना राज्यभर वाचली गेली. खार पोलीस ठाण्यातले एक निरीक्षक ड्युटीवरून सांताक्रूझला घरी आले तेव्हा पत्नीचा खून झालेला होता आणि एकवीस वर्षांचा मुलगा बेपत्ता होता. संशय त्याच्यावर गेला, तो जोधपूरला सापडला. तपास वाकोला पोलिसांनी केला. वडील त्याच शहराच्या पोलीस दलात होते, नावाजलेल्या प्रकरणांवर काम केलेले होते, तरी या प्रकरणात ते फक्त मृताचे पती आणि संशयिताचे वडील होते. एका रात्रीत बायको गेली आणि उरलेलं एकुलतं नातं तुरुंगाच्या दिशेने गेलं. त्या माणसाचं त्या आठवड्यात काय झालं असेल याचा विचार वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारसा दिसला नाही, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं आहे. जानेवारी १९९६ मध्ये दिल्लीत कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा तिच्याच घरात खून झाला. आरोपी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा होता, म्हणून तपास लगेच सीबीआयकडे गेला. तरीही १९९९ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्याला सोडलं, आणि सोडताना न्यायाधीशांनी तपासयंत्रणेच्या वागणुकीवर कडक ताशेरे मारले. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये तो निकाल फिरवून त्याला दोषी धरलं आणि फाशीची शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती जन्मठेपेवर आणली. तपास दुसऱ्याकडे दिला की सगळं आपोआप ठीक होतं असं नाही, हे त्या मुलीच्या म्हाताऱ्या वडिलांना दहा वर्षांहून जास्त झगडून शिकावं लागलं. गुन्ह्यात ज्यांचं माणूस गेलं त्यांचा विचार या प्रश्नात सर्वांत आधी यायला हवा. पोलीस आईच्या दुःखाची गोष्ट सांगताना तो मागे पडतो.

नोकरीचं उत्तर थोडक्यात देता येतं. मुलाने गुन्हा केला म्हणून आईला निलंबित करता येत नाही. ते तिचं गैरवर्तन नाही. तिने नोंद बदलली, साक्षीदाराला दम दिला, सरकारी गाडी मुलासाठी वापरली, तर खातेनिहाय चौकशी होईल आणि झालीच पाहिजे. तिची बदली बहुधा होते, आणि ती शिक्षा समजू नये. मुलाच्या कृत्यासाठी पालकालाच गुन्हेगार मानणारा एक कायदा मात्र आपल्या दोन्ही तालुक्यांत रोज मोडला जातो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९९ अ सांगतं की अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जाईल: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. आसनगाव स्टेशनबाहेर दहावीतली पोरं वडिलांची बुलेट लावताना दिसतात तेव्हा हे कलम आठवावं.

‘नवरा नसलेली’ या तुमच्या शब्दांपाशी थोडं थांबतो. एकट्या पोलीस आईचा मुलगा बिघडला की गावाचा निवाडा तयार असतो: हिचं घराकडे लक्षच नव्हतं. लक्ष कधी देणार होती? म्हसाची यात्रा, गणपती, निवडणुका, नाशिक महामार्गावरचे अपघात, पावसाळ्यात माळशेज घाटातली गर्दी, या सगळ्या बंदोबस्तात ती असते आणि तेव्हा मूल शेजारणीकडे असतं. जानेवारी २०२२ मध्ये पोलीस महासंचालकांनी महिला अंमलदारांची पाळी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा आदेश काढला. राज्य सरकारने जुलै २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना, आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुषांनाही, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत वापरता येईल अशी १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. दोन्ही निर्णय चांगले आहेत. पण जिथे मनुष्यबळच अपुरं तिथे रजेचा अर्ज टेबलावर पडून राहतो, आणि तो मागणाऱ्या बाईकडे कामचुकार म्हणून पाहिलं जातं. मुलाच्या गुन्ह्याची जबाबदारी आईवर टाकणाऱ्या गावाने तिच्या रजेच्या अर्जाचीही चौकशी करावी.

आता मुलाबद्दल. त्याचं वय हा सगळ्याचा पाया आहे, कारण अठराच्या आत एक कायदा आणि बाहेर दुसरा. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वयासाठी आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. खेड्यांत अजूनही शेकडो मुलांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. या एका तारखेवर कोण भिवंडीच्या रिमांड होममध्ये जाईल आणि कोण आधारवाडी जेलमध्ये, हे ठरू शकतं.

सतरा वर्षांच्या मुलाला ताब्यात घेताना साध्या वेशातला बालकल्याण पोलीस अधिकारी असावा. असा एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असतो. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली एक स्त्री. तोवर ठेवायचं तर निरीक्षणगृहात, ज्याला आपण रिमांड होम म्हणतो. आपल्या जिल्ह्यातलं भिवंडीला आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला पालकाच्या ताब्यात सोडणं हा नियम आहे. सुटल्याने तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच बुडेल, असं दिसलं तरच अपवाद. खुनासारखा अतिगंभीर गुन्हा असेल आणि मुलगा सोळा पूर्ण असेल, तर त्याची मानसिक समज तपासून मंडळ त्याच्यावर प्रौढांच्या पद्धतीने खटला चालवायचा का ते ठरवतं. तसं ठरलं तरी त्याला फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. बाकी प्रकरणांत जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात.

मंडळापुढे त्या बाईंनी साध्या साडीत किंवा ड्रेसमध्ये यावं, गणवेशात नको. तिथे त्या पालक आहेत, मुलाचं घर, शाळा, मित्र यांची माहिती देणाऱ्या. ही माहिती खरी आणि पुरी देणं हेच त्यांच्या हातात आहे, आणि मंडळाच्या निर्णयात तिचा उपयोग होतो.

हे वाचताना कोणी म्हणेल, पोलिसाचा मुलगा म्हणून एवढे लाड. हे सगळं प्रत्येक मुलासाठी आहे. डोळखांबजवळच्या कातकरी वाडीतल्या मुलाला वायरचोरीच्या संशयावरून उचललं, तर त्यालाही कोठडी नाही, बेडी नाही. त्याच्याही आईला लगेच कळवायचं, त्यालाही फुकट वकील मिळायचा. किरकोळ गुन्हा असेल तर गुन्हाही नोंदवायचा नाही, फक्त डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल. प्रत्यक्षात फरक पडतो तो माहितीचा. पोलीस आईला हे सगळं पाठ असतं आणि वाडीतल्या आईला कोणी सांगत नाही. पोलीस पाटलांनी हे काम मनावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या घरातल्या मुलावर संशय आला तर त्यांनाही बाजूला होण्याचा तोच मार्ग लागू आहे.

आणि गावाचं काम? गप्प राहणं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मॅडमच्या पोराला उचललं’ असा मेसेज गावाच्या ग्रुपवर टाकला, तर नाव न लिहिताही ओळख पटतेच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुरबाड-शहापूरच्या मैदानांवर पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या अनेक मुलांच्या मनात असेल असा एक प्रश्न उरतो: असा मुलगा उद्या आईसारखा पोलिसात जाऊ शकतो का? जाऊ शकतो. याच कायद्याचं कलम २४ म्हणतं की बालवयातल्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. ठरावीक मुदतीनंतर ती नोंद नष्ट करायची असते. अपवाद सोळा ते अठरामधल्या, प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्या मुलांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रमेश बिश्नोई यांच्या प्रकरणात, बालवयातल्या खटल्याचं कारण देऊन सीआयएसएफमध्ये नेमणूक नाकारता येणार नाही असा निकाल दिला. तेव्हा अर्जातला जुन्या गुन्ह्याचा रकाना आला की घाबरून काहीतरी खरडू नये. आधी तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाला मंडळाचा आदेश दाखवावा, आणि मग तो रकाना भरावा.